मी, आत्याची कवळी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कवळी म्हटलं की माणसं दात काढतात, आणि त्यातल्या कित्येकांचे दात माझ्याच जातीचे असतात. मला त्याची सवय आहे. मी एक कवळी बोलतेय, आणि मला जे सांगायचंय ते फारसं हसण्यासारखं नाही.

खरं तर आम्ही दोघी आहोत. वरची मी आणि खालची माझी बहीण. बोलायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी टाळूला घट्ट धरून बसते आणि जीभ बोलताना सारखी माझ्या पाठीला टेकते. खालची स्वभावानेच ढिली. जीभ हलली की ती हलणार, जांभई आली की ती उठणार. पण या गोष्टीतलं जे खरं दुखणं आहे ते माझ्याआधी तिला कळलं होतं. तिच्या शेजारीच ते होतं.

माझा जन्म दंत महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत झाला. मला घडवणारा मुलगा तिसऱ्या वर्षात शिकत होता. त्या सत्राचा नियम असा, की प्रत्येक विद्यार्थ्याने एक तरी संपूर्ण कवळी स्वतःच्या हाताने करायची, मापापासून ते चकाकी देईपर्यंत. आणि बिनदातांचा माणूस ज्याचा त्याने शोधून आणायचा. त्यामुळे सत्र सुरू झालं की ही पोरं रस्त्याने जाताना लोकांच्या तोंडाकडे बघत चालत. एखादे बोळक्या तोंडाचे आजोबा बाकावर बसलेले दिसले, की चौघे चौघे त्यांच्या मागे लागत. आजोबा बिचारे घाबरून घराचा रस्ता धरत.

आमचा मुलगा यात पार कच्चा होता. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की तो रस्ता बदलायचा. एकदा एका आजींसमोर जाऊन उभा राहिला, खाकरला आणि किती वाजले ते विचारून परत आला. मनगटावर त्याच्या घड्याळ होतं. शेवटी सगळ्यांना माणसं मिळाली आणि हा एकटा राहिला, तेव्हा त्याला घरची आठवण झाली. घरी आत्या होती.

आत्या त्याच्या वडिलांची मोठी बहीण. मुलाची आई तो लहान असतानाच गेली, तेव्हापासून आत्यानेच त्याला वाढवलं. ती त्याला ठोंब्या म्हणायची, लाडाने आणि रागानेही. मुलाचे वडील एसटीच्या आगारात गाड्या दुरुस्त करायचे आणि आत्या त्याच आगाराच्या स्टँडवर उद्घोषक होती. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली, कोणती सुटायच्या बेतात आहे, हे जन्मभर तिने सांगितलं. बोलायच्या आधी नखाने माइकवर दोनदा टिचकी मारायची तिची सवय होती. टक्, टक्. मग सारा स्टँड कान द्यायचा.

घरीही तिचं तेच. जेवणाची वेळ झाली की स्वयंपाकघरातल्या ओट्यावर टक्, टक्. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. ताटाकडे जाणारी गाडी सुटण्याच्या तयारीत आहे. हात न धुतलेल्या प्रवाशांना गाडीत घेतलं जाणार नाही." मुलगा लहानपणी या आवाजावर अभ्यास सोडून पळत यायचा.

तिच्या कामातल्या दोन गोष्टी तिने स्वतःच ठरवल्या होत्या. तिच्या खोलीच्या खिडकीतून स्टँडचं फाटक दिसायचं. एखादी बाई लेकराला कडेवर घेऊन धावत येताना दिसली, की आत्या तीच घोषणा पुन्हा करायची आणि शेवटी आपल्या मनाचं एक वाक्य जोडायची, "धावत येणाऱ्या प्रवाशांनी धावू नये, गाडी उभी आहे." ते ऐकून चालकही थांबायचा. आणि दुसरी गोष्ट, गाडी एकदा सुटली की तिच्याबद्दल ती अवाक्षर काढायची नाही. वरिष्ठ म्हणायचे, सुटली म्हणून सांगत जा. ती म्हणायची, "सुटलेल्या गाडीची घोषणा कशाला? जो चुकला त्याला ते दिसतंच आहे."

हिरड्यांच्या दुखण्याने तिचे दात एकेक करून गेले. निवृत्तीच्या सुमारास शेवटचेही गेले. मग शब्द तोंडातून निसटायला लागले. एकदा फोनवर पलीकडच्या माणसाने, "बाळ, घरात मोठं कुणी आहे का?" असं विचारलं. त्या दिवसापासून आत्याने फोन घेणं सोडलं. मग दुकानात बोट दाखवून वस्तू मागायला लागली. मग घरातही नुसतं हं आणि उंहू. ओट्यावरच्या टिचक्या बंद झाल्या. घरात बोलणारी ती एकच होती, त्यामुळे घर अगदी मुकं झालं.

म्हणून मुलगा म्हणाला, "आत्या, तुझी कवळी मी करतो." तेव्हा त्याला वाटलं, आपण दोन कामं एकदम करतोय. सत्राचं काम होईल आणि आत्याला आवाज परत मिळेल. त्याच्या मनात काही खोट नव्हती, हे मी शपथेवर सांगेन.

आत्या गावाहून एसटीने महाविद्यालयात यायची. आल्या आल्या खुर्चीत बसून पदराने घाम पुसायची आणि तक्रार करायची. स्टँडवर तिच्या जागी आता यंत्र बोलत होतं. "त्या यंत्राला खिडकी आहे का रे?" ती बोबडी बोबडी म्हणायची. "धावणारा माणूस त्याला कुठून दिसणार?"

पहिल्या दिवशी तोंड तपासायचं असतं. परक्या माणसाचं तोंड मुलगा पुस्तकात लिहिल्याप्रमाणे ओळीने तपासायचा. ओठ, गालाची आतली बाजू, टाळू, मग जीभ गॉजच्या घडीत धरून हळूच बाजूला ओढायची आणि तिच्या कडा आणि तिच्याखालची जागा बघायची. पण ही आत्या होती. हिची जीभ धरून ओढायची? त्याला ते कसंसंच वाटलं. आणि हिला काय विचारायचं, हिचं सगळं आपल्याला ठाऊकच आहे, असंही वाटलं. त्याने हिरड्या पाहिल्या आणि तोंडात घालून बघायचा छोटा आरसा खाली ठेवला.

कवळी विभागाच्या मॅडम फेरीवर आल्या. "सगळं पाहिलंस ना? जिभेखाली?"

"हो मॅडम," तो म्हणाला.

तेव्हा मी जन्मलेही नव्हते. तरी मला हे ठाऊक आहे, कारण पुढे त्याने ती दोन शब्दांची गोष्ट स्वतःशी इतक्या वेळा म्हटली, की माझ्या गुलाबी अंगातल्या रेषेरेषेला ती पाठ झाली.

मग मापं झाली. पहिलं माप घेताना तोंडात भरायचा मसाला इतका जास्त झाला, की आत्याच्या हनुवटीवरून ओघळून पदरावर सांडला. तिला उमासा आला, डोळ्यांत पाणी आलं, आणि मुलगा तिच्याहून जास्त घाबरला. तीच उलट त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. मॅडम म्हणाल्या, "अरे, आधी माणसाशी बोलावं, मग तोंडात हात घालावा." हे वाक्य त्याला लागलं. त्या सत्रात तो दुसऱ्या रुग्णांशी बोलायला शिकला. पाय कसे आहेत, जेवण जातं का, घरी कोण असतं, असं विचारू लागला. घाबरलेल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून थांबायला शिकला. ज्याने आजींना वेळ विचारली होती तो हाच, असं सांगितलं तर कुणाला खरं वाटलं नसतं. बोलायचं राहिलं ते फक्त आत्याशी.

माझं पहिलं अंग मेणाचं होतं. त्या मेणात मुलाने दात लावले, अगदी पुस्तकातल्या चित्रासारखे सरळ. आत्याने आरशात पाहिलं आणि मला बाहेर काढून म्हणाली, "ही कोण बाई? माझी ओळख करून दे." त्याने घरून तिचा जुना फोटो मागवला. माइकसमोर बसलेली तरुण आत्या, आणि तिचा समोरचा एक दात शेजारच्यावर किंचित चढलेला. मुलाने दुपारभर बसून तो दात तसाच तिरका लावला. मॅडम म्हणाल्या, "हा वाकडा का?"

"त्यांचा तसाच होता, मॅडम."

मॅडमनी फोटो उचलून पाहिला आणि म्हणाल्या, "राहू दे." तो तिरका दात माझ्यात अजून आहे. माझं रूप म्हणाल तर तेवढंच.

मेण वितळलं, त्या जागी गुलाबी मसाला भरला गेला, आम्हा दोघींना साच्यात दाबून उकळलं, घासलं, चमकवलं. आणि आम्ही आत्याच्या तोंडात गेलो. बोलणं नीट होतंय का हे पाहायला आकडे म्हणून घेतात. मुलगा म्हणाला, "आत्या, साठ ते सत्तर म्हण."

आत्याने खुर्चीच्या हातावर नखाने दोनदा टिचकी मारली. टक्, टक्. आणि माझ्या पाठीला जीभ टेकवून ती म्हणाली, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक सहावरची साडेसातची गाडी सुटण्याच्या तयारीत आहे."

सगळ्या खुर्च्यांवरचं काम थांबलं. तोंड उघडून बसलेली माणसं तशीच उघड्या तोंडाने वळली. कोपऱ्यातले एक आजोबा पिशवी घेऊन उभेच राहिले. मग जो हशा पिकला, त्यात मॅडमसुद्धा होत्या. मुलगा भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होता. माझ्या आयुष्यात मी एवढं सुख पुन्हा पाहिलं नाही.

त्यानंतर आत्या बोलत सुटली. साचलेलं सगळं बोलली. फोनवर, दुकानात, जिन्यात. मुलाचे वडील, जे मुळातच अबोल, ते आगारात म्हणाले म्हणे, "घरात पुन्हा गाड्या सुटायला लागल्यात."

पण खालचीला काहीतरी कळलं होतं. आम्ही मिठाच्या पाण्यात भांड्यात शेजारी पडलो की ती अस्वस्थ असायची. जिभेखाली डाव्या बाजूला एक जागा होती, तिथे तिची कड लागली की आत्या दचकायची. आमच्या येण्याआधीपासूनच तिथे एक पांढरट डाग होता. आत्याला वाटलं, कवळीचं टोचणं आहे. मुलानेच सांगितलं होतं, नवीन कवळी थोडे दिवस टोचते. मग ती त्या बाजूने चावेनाशी झाली. चहा गार करून पिऊ लागली. मुलगा फोनवर विचारायचा, "आत्या, काही त्रास?" ती म्हणायची, "छे रे. लोण्यासारखी बसलीय."

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला विचारलं, "काकू, दुखतं का कुठे?" तिच्या मागे मुलगा पांढऱ्या कोटात ताठ उभा होता. आत्याने मान वर करून सांगितलं, "अजिबात नाही, साहेब. सफरचंदं खाते मी, कडाकडा." तिने सफरचंदाला हात लावल्याला कित्येक दिवस झाले होते. मी तोंडात होते, पण मला बोलता येतं ते तिच्या जिभेनेच. परीक्षक दात पाहून, तिरक्या दाताचं कौतुक करून पुढे गेले. मुलगा वर्गात पहिला आला.

पुढच्या सत्रात तो तोंडाच्या रोगांच्या विभागात गेला. तिथल्या सरांनी सांगितलं, रोज एकाचं तरी तोंड ओळीने तपासा, मग ते घरचं असो वा दारचं. सुटीला घरी आला तेव्हा त्याच्या खिशात आरसा आणि गॉज होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीशी दुपारचं ऊन येत होतं. आत्याला तिथे स्टुलावर बसवून तो म्हणाला, "काढ ती कवळी. आज तुझ्यावर सराव."

"माझ्यावर कसला सराव, माझं सगळं तुला पाठ आहे," ती म्हणाली. पण तिने आम्हाला काढून वाटीत ठेवलं. त्यामुळे पुढचं मी वाटीतून पाहिलं.

त्याने गॉजमध्ये जीभ धरली, बाजूला केली आणि थांबला. मग जीभ हळूच सोडून म्हणाला, "हे कधीपासून आहे?"

"कवळीचं आहे रे ते. टोचतं थोडं."

"कधीपासून, आत्या?"

"तुझ्या परीक्षेच्या आधीपासून असेल."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू कवळी पुन्हा घासत बसला असतास. परीक्षा होती तुझी." मग त्याचा चेहरा बघून ती म्हणाली, "अरे ठोंब्या, असं काय करतोस? एवढंसं तर आहे."

एवढंसं नव्हतं. मोठ्या रुग्णालयात तुकडा काढून तपासला तेव्हा कळलं, कर्करोग होता. शस्त्रक्रियेत जिभेचा मोठा भाग गेला आणि खालच्या जबड्याचा एक तुकडाही. माझ्या बहिणीला बसायला जागाच उरली नाही. मला होती. मी टाळूला पूर्वीसारखीच बसले असते. पण माझ्या पाठीला टेकायला आता जीभ नव्हती.

आत्या शुद्धीवर आली तेव्हा मुलगा शेजारी होता. तिने बोलायचा प्रयत्न केला. जे आलं ते शब्द नव्हते. तिने डोळे मिटून घेतले. मुलाने तिचा हात धरला आणि म्हणाला, "मी बघितलं नव्हतं गं. मॅडमना हो म्हणालो, पण मी बघितलंच नव्हतं." तिने आधी त्याच्या तोंडावर हात ठेवला. मग स्वतःच्या तोंडाकडे बोट केलं आणि मान हलवली. तूच नाही, मीही बोलले नाही, असं तिला म्हणायचं असावं. त्याच्या न बघण्याची आणि तिच्या न सांगण्याची ती बेरीज होती, आणि दोघांनीही ती मायेपोटी केली होती. यावर कुणावर चिडायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

काही दिवसांनी, जेवणाच्या वेळी, नळीतून पातळ जेवण द्यायला नर्स आली. आत्याने पलंगाच्या दांड्यावर नखाने टिचकी मारली. टक्, टक्. आणि मुलाकडे पाहिलं. तो गोंधळला. तिने पुन्हा मारली. मग त्याच्या लक्षात आलं. तो घसा साफ करून म्हणाला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." त्याचा आवाज चिरकला. "ताटाकडे जाणारी गाडी सुटण्याच्या तयारीत आहे." शेजारच्या पलंगावरची बाई हसली. आत्याच्या डोळ्यांतही हसू आलं. तेव्हापासून टिचकी तिची आणि आवाज त्याचा, असं ठरून गेलं. घरी आल्यावरही ते चालू राहिलं. रस्त्यावर अनोळखी माणसाला वेळ विचारणारा तो मुलगा, खिडकीशी उभा राहून अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात आत्याच्या घोषणा करायचा.

दुखणं परत आलं. या वेळी डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचं नाव काढलं नाही. आत्याने खुणेने मला मागून घेतलं होतं, म्हणून माझी वाटी तिच्या उशाशी असायची. माझी खालची बहीण कपाटात होती.

ती दुपार साधीच होती. मुलाचे वडील बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, हातात थंड झालेला चहा. आत श्वास थांबत थांबत चालला होता. आत्याचं बोट चादरीवर हललं. चादरीवर टिचकीचा आवाज होत नाही. पण मुलाने ती पाहिली. तो तिच्या कानाशी वाकला. ताटाची वेळ नव्हती. तो अगदी हळू म्हणाला, "धावत येणाऱ्या प्रवाशांनी धावू नये. गाडी उभी आहे. गाडी उभी आहे, आत्या." हे तो किती वेळ म्हणत राहिला, कोण जाणे. तो थांबला तेव्हा खोलीत दुसरा आवाज नव्हता.

मग तो उठून बाहेर आला. दार उघडंच होतं, त्यामुळे मला दिसलं. वडिलांनी मान वर केली. मुलाने दाराच्या चौकटीवर नखाने दोनदा टिचकी मारली आणि तोंड उघडलं. वडिलांनी चहाचा कप खाली ठेवला. "नको सांगूस," ते म्हणाले. "सुटलेल्या गाडीची घोषणा ती करायची नाही."

आता मी महाविद्यालयात आहे. मुलगा शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याच्या कप्प्यात झाकणाच्या एका डबीत मी पाण्यात पडून असते. कवळी कोरडी पडली की तिचा आकार बिघडतो, म्हणून तो रोज सकाळी माझं पाणी बदलतो. माझा आकार आता कुणाला हवाय? पण मी त्याला विचारत नाही, आणि तोही थांबत नाही. माझी खालची बहीण त्याच्या वडिलांकडे आहे. त्यांनीच मागून घेतली. तिची वाटी भरलेली असेल का, हा विचार माझ्या मनात येतो.

मध्यंतरी एक धाकटी विद्यार्थिनी आपल्या आईला घेऊन आली. कवळीसाठीच. हिरड्या पाहून तिने आरसा खाली ठेवला आणि आमच्या मुलाला म्हणाली, "झालं दादा. आईच आहे माझी."

त्याने आरसा उचलून परत तिच्या हातात दिला. मग म्हणाला, "म्हणून जास्त नीट बघ. आणि काकू, दुखत असेल तर दुखतं म्हणा. हिचे मार्क गेले तर जाऊ देत." त्या बाई ओशाळून हसल्या, आणि मग म्हणाल्या, "उजवीकडे थोडं आहे खरं."

माझी विनंतीही तेवढीच आहे. आपल्या माणसासाठी दुखणं गिळून बसू नका. आणि आपल्या माणसाचं सगळं आपल्याला ठाऊक आहे, असं म्हणून आरसा खाली ठेवू नका.

पाणी बदलून झालं की मुलगा झाकण लावतो आणि झाकणावर दोनदा टिचकी मारतो. टक्, टक्. मग जरा थांबतो. रोज थांबतो. आतून मी जीव तोडून प्रयत्न करते, पण जिभेवाचून कवळी कसली बोलणार? तो कप्पा बंद करून निघतो, कारण बाहेर बाकावर माणसं बसलेली असतात. त्यांच्याकडे तो धावत जातो.

धावू नकोस रे ठोंब्या.